जास्वंदीचे नवे रंग : संकराची शक्ती आणि सीमा

महाराष्ट्रात असे खेडे विरळाच, की जेथे एखाद्या अंगणात, देवळाच्या आवारात किंवा शाळेच्या कुंपणाशी जास्वंदीचे झाड नाही. गणेशपूजेत लाल जास्वंदीला मानाचे स्थान आहे. बंगालमध्ये कालीमातेच्या पूजेत तिचे तेच स्थान आहे. या चिरपरिचित फुलाची रंगसंपदा मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कमालीची वाढली आहे. पिवळी, केशरी, पांढरी, तपकिरी, जांभळट छटांची आणि एकाच पाकळीवर दोन-तीन रंग मिरविणारी जास्वंद आज रोपवाटिकांतून सर्रास पाहावयास मिळते. यांतील बहुतेक रंग निसर्गाने आयते दिलेले नाहीत. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेऊन, पिढ्यान् पिढ्या निवड करून माणसाने ते घडविलेले आहेत.

या यशामुळे एक मोहक कल्पना पुढे आली. उत्तर अमेरिकेत कडाक्याचे हिम सोसणारी आणि ताटाएवढी फुले देणारी जास्वंद आहे. आपल्याकडील जास्वंदीला हिम सोसत नाही. पण तिच्याजवळ पिवळ्या-केशरी रंगांचे वैभव आहे. या दोहोंचा संकर केला, तर एकीचा काटकपणा आणि दुसरीचे रंग एकाच झाडावर आणता येणार नाहीत काय? प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र सरळ नाही. शाळेत संकराचा प्रयोग करू इच्छिणारे शिक्षक आणि सार्वजनिक उद्यानासाठी रोपे वा बियाणे खरेदी करणारे पंचायत सदस्य व अधिकारी या सर्वांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या समजुतीपायी पैसा तर जातोच, शिवाय झाड वाढण्यात गेलेली वर्षेही परत मिळत नाहीत.

दोन वेगळी घराणी

जास्वंद ही भेंडी कुलातील वनस्पती होय. कापूस, भेंडी आणि अंबाडी ही आपली पिकेही याच कुलातील आहेत. जास्वंदीच्या ‘हिबिस्कस’ या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती असून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचे निरनिराळे गट पाडले आहेत. आपल्या अंगणातील जास्वंदीला लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’, म्हणजे ‘चीनचा गुलाब’, असे नाव दिले. ही सदाहरित, काष्ठमय, बारमाही फुलणारी झुडपे आहेत. हवाई बेटांवरील सुगंधी पांढऱ्या फुलांची ‘हिबिस्कस अर्नोटिअ‍ॅनस’, पूर्व आफ्रिकेतील झुंबराप्रमाणे लोंबणाऱ्या कातरलेल्या पाकळ्यांची ‘हिबिस्कस स्किझोपेटॅलस’ आणि मॉरिशसजवळच्या बेटांवरील ‘हिबिस्कस लिलिफ्लोरस’ या तिच्या जवळच्या नातेवाईक होत.

हिमसह जास्वंदीचे घराणे वेगळे आहे. ‘हिबिस्कस मॉस्क्युटॉस’, ‘हिबिस्कस कॉक्सिनिअस’ आणि ‘हिबिस्कस लीव्हिस’ या तिच्यातील प्रमुख जाती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दलदली आणि नदीकाठ येथे वाढतात. हिवाळ्यात या झाडांचा जमिनीवरचा भाग पूर्णपणे वाळून जातो. जमिनीखालचा गड्डा तेवढा जिवंत राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातून नवे कोंब फुटतात. म्हणजे हे झाड हिमाशी झुंजत नाही, तर जमिनीखाली दडून हिवाळा काढते. फुलांचा रंग पांढरा, गुलाबी किंवा लाल असतो. ‘कॉक्सिनिअस’चा लाल रंग विशेष भडक असून तिची पाने हाताच्या बोटांप्रमाणे खोल विभागलेली असतात. शुद्ध पिवळा आणि केशरी हे रंग या घराण्यात नाहीत. दोन घराण्यांच्या संकराचे आकर्षण वाटते ते मुख्यतः याच उणिवेमुळे.

फुलाचा रंग कोठून येतो

जास्वंदीच्या पाकळीत दोन प्रकारची रंगद्रव्ये महत्त्वाची असतात. लाल, गुलाबी व जांभळट छटा अँथोसायनिन या द्रव्यामुळे येतात. ते पेशीतील रसात विरघळलेले असते. शाळेच्या प्रयोगशाळेत लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क काढून त्यात लिंबाचा रस टाकला, की तो गडद गुलाबी होतो आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकले, की हिरवट होतो. हा बदल अँथोसायनिनमुळेच घडतो. पिवळा व केशरी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड या द्रव्यांचा असतो; गाजराला रंग देणारे द्रव्य याच वर्गातील आहे. ही द्रव्ये रसात विरघळत नाहीत, पेशीतील सूक्ष्म कणांत साठविली जातात.

एकाच पेशीत ही दोन्ही द्रव्ये स्वतंत्रपणे नांदू शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे जास्वंदीच्या अगणित छटांचे कोडे उलगडते. पिवळ्या पायावर थोडे अँथोसायनिन आले, की केशरी रंग दिसतो. अधिक आले, की विटकरी वा तपकिरी दिसतो. अँथोसायनिन तयारच झाले नाही, तर नुसता पिवळा उरतो, आणि दोन्ही नसतील तर फूल पांढरे होते. म्हणून संकरातील रंग रंगाऱ्याच्या डब्यातील रंगांप्रमाणे एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक द्रव्याचे बनणे वा न बनणे आनुवंशिक घटकांवर अवलंबून असते आणि पुढील पिढीत त्या घटकांची नव्याने जुळणी होते. हवामानाचाही परिणाम होतो. तेच झाड थंडीत गडद आणि कडक उन्हाळ्यात फिकट फुले देते. स्थलपद्माचे फूल तर सकाळी पांढरे उमलते आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी-लाल होते. दिवसभरात पाकळीत अँथोसायनिन वाढत गेल्याचा हा परिणाम होय.

आजवरचे यश

उष्णदेशीय जास्वंदीच्या संकराचा इतिहास मॉरिशसपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे चार्ल्स टेल्फेअर यांनी ‘लिलिफ्लोरस’ आणि सामान्य जास्वंद यांचा संकर केला. पुढे हवाई बेटांवर या कामाला फार मोठी चालना मिळाली. तेथे स्थानिक जाती होत्या, बाहेरून आणलेले वाण होते आणि बाराही महिने फुले देणारे हवामान होते. तेथील कृषी प्रयोग केंद्राने १९१३ मध्येच शोभेच्या जास्वंदीवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. जास्वंदीचे वेड इतके वाढले, की १९२३ मध्ये तिला हवाईचे अधिकृत फूल म्हणून मान्यता मिळाली. भारतातही बंगळूरुनजीक हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने जास्वंदीच्या संकरावर काम करून अनेक वाण दिले आहेत.

हिमसह घराण्यातही असेच यश मिळाले. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रॉबर्ट डार्बी यांनी १९५० च्या दशकात तेथील अनेक रानजातींचा संकर करून ‘लॉर्ड बाल्टिमोर’ हा मोठ्या लालभडक फुलांचा वाण तयार केला. थंडी सोसणाऱ्या ‘हिबिस्कस सिरिअ‍ॅकस’ या तिसऱ्या जातीवर वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी काम केले. कोल्चिसीन या रसायनाच्या साहाय्याने गुणसूत्रांची संख्या वाढवून त्यांनी ‘डायना’ हा शुभ्र फुलांचा वाण दिला. बेल्जियममधील संशोधकांनी २००७ मध्ये याच ‘सिरिअ‍ॅकस’चा तिच्या निकटच्या जातींशी संकर साधल्याचे प्रसिद्ध केले.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र समान आहे. संकर झाला तो एकाच घराण्यातील जातींचा. मॉरिशस व हवाई येथील संकर उष्णदेशीय गटाच्या आत झाले. मेरीलँडचा संकर हिमसह गटाच्या आत झाला.

मधली भिंत

मग दोन घराण्यांमधील संकर का साधत नाही? याचे मुख्य कारण गुणसूत्रांत आहे. ‘मॉस्क्युटॉस’ आणि तिच्या भगिनींच्या पेशीत ३८ गुणसूत्रे असतात. आपल्या जास्वंदीच्या वाणांत ही संख्या एकसारखी नाही. बहुधा ती ८४ च्या आसपास असते, काही वाणांत त्याहून पुष्कळच अधिक असते. संख्या भिन्न, आणि दीर्घकाळ विभक्त राहिल्याने गुणसूत्रांची घडणही भिन्न. अशा स्थितीत एकीचा पराग दुसरीच्या कुक्षीवर टाकला, तर बहुधा परागनलिका बीजांडापर्यंत पोहोचत नाही. पोहोचली तरी भ्रूणाचे पोषण होत नाही आणि कोवळे बोंड गळून पडते.

आपल्या शेतकऱ्यांना याचे एक जवळचे उदाहरण देता येईल. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असतात, देशी कापसात २६. या दोहोंच्या संकरातून ३९ गुणसूत्रांचे झाड निपजते. ते वाढते, फुलते. परंतु गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नसल्याने सामान्यतः वांझ राहते. याउलट सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिलेला ‘एच-४’ हा सुप्रसिद्ध संकरित कापूस अमेरिकन कापसाच्याच दोन वाणांपासून झाला आणि त्याने इतिहास घडविला. कापसाच्या बाबतीत निदान वांझ झाड तरी हाती लागते. जास्वंदीच्या दोन घराण्यांत सामान्य बागेत केलेला प्रयत्न बहुधा बोंडापर्यंतही जात नाही.

भिंत ओलांडता येते, पण कशी

दूरच्या जातींचा संकर अजिबात अशक्य आहे, असे मात्र नव्हे. त्याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. भेंडीवर पडणाऱ्या केवडा रोगाने, म्हणजे पाने पिवळी करणाऱ्या विषाणुजन्य रोगाने, एकेकाळी भेंडीचे पीक हातचे जात असे. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) संशोधकांनी या रोगास दाद न देणारी ‘एबेलमॉस्कस मॅनिहॉट’ ही भेंडीची आप्त जाती निवडली आणि ‘पुसा सावनी’ या लागवडीच्या भेंडीशी तिचा संकर केला. संकरित पिढीचा लागवडीच्या भेंडीशी पुन्हा संकर करून, अनेक पिढ्या निवड केल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘परभणी क्रांती’ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

या उदाहरणातून दोन बोध मिळतात. पहिला असा, की आप्त जातीतील गुण लागवडीच्या वाणात आणण्यासाठी प्रयोगशाळा, प्रक्षेत्र, नोंदी आणि वर्षानुवर्षांचा संयम लागतो. एका सकाळच्या परागणाने ते साधत नाही. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. ती आप्त जाती जगातून नाहीशी झाली असती, तर केवडा रोगावरचा हा उपायही तिच्याबरोबरच गेला असता.

जास्वंदीच्या दोन घराण्यांच्या बाबतीत असा प्रयत्न करावयाचा झाल्यास कोल्चिसीनने गुणसूत्रे दुप्पट करणे, कोवळ्या बोंडातील भ्रूण वेळीच काढून काचनळीत वाढविणे, ही तंत्रे वापरावी लागतील. ते संस्थांचे काम आहे, अंगणातील नव्हे.

शाळेत करता येईल असा प्रयोग

परंतु एकाच घराण्यातील संकर शाळेच्या बागेत सहज करता येतो, आणि आनुवंशिकतेचा याहून सुंदर पाठ क्वचितच मिळेल. जास्वंदीचे फूल मोठे असते, अवयव नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि साहित्यही फारसे लागत नाही.

प्रथम झाडांची निवड करावी. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावी : आपल्याकडील जुन्या साध्या लाल जास्वंदीला सहसा बोंड धरत नाही. तिची वाढ पिढ्यान् पिढ्या छाट कलमांनीच होत आली आहे. म्हणून मातृवृक्ष म्हणून तिची निवड करू नये. ज्या संकरित एकेरी जास्वंदीला अधूनमधून बोंडे धरलेली दिसतात, ती मातृवृक्ष म्हणून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या सायंकाळी हेरावी. पाकळ्या अलगद सोडवून मधल्या नळीवरील परागकोश बारीक कात्रीने वा चिमट्याने काढून टाकावेत आणि कळीवर कागदी पिशवी बांधावी. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात स्त्रियांचे कुशल हात हेच काम करतात. त्या भागातील मुलांना ते नव्याने शिकवावे लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दव ओसरल्यावर पितृवृक्षाच्या ताज्या फुलाचा पिवळाधमक पराग मातृफुलाच्या पाचही कुक्षींवर हलकेच टेकवावा. पुन्हा पिशवी बांधावी आणि देठाला चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर आधी मातेचे, मग पित्याचे नाव आणि तारीख लिहावी.

जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. संकर फसला असेल तर काही दिवसांत देठासह गळते. साधला असेल तर पाकळ्या गळून पडतात, पण तळाचा अंडाशय हिरवा राहून फुगू लागतो. बोंड पिकण्यास साधारणतः दीड ते दोन महिने लागतात. कडक उन्हाळ्यात बोंडे गळण्याचे प्रमाण वाढते. म्हणून पठारी भागात पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंतचा काळ या कामास अधिक सोयीचा. बोंड तपकिरी होऊन तडकू लागले, की बी काढून घ्यावे, टणक कवच किंचित खरवडावे आणि चाळलेल्या खतमातीत पेरावे. उगवण एक-दोन आठवड्यांत सुरू होते. पहिले फूल दिसण्यास मात्र बहुधा वर्ष ते दोन वर्षे लागतात. सातवीच्या मुलांनी केलेल्या संकराचे फूल त्यांना नववीत पाहावयास मिळावे, असाच हा हिशेब आहे.

एकाच बोंडातील बियांपासून उगवलेली भावंडे एकमेकांसारखी नसतात. एक पिवळे, दुसरे गुलाबी, तिसरे आईहून फिके असे चित्र दिसते. आईबापांच्या अंगी दडलेले आनुवंशिक गुण येथे प्रकट होतात. त्यांतील बहुसंख्य रोपे सामान्य निघतात; एखादेच जतन करण्याजोगे असते. ते निवडले, की त्याची वाढ बियांपासून न करता छाट कलमाने वा डोळा भरूनच करावी. नाहीतर त्याचा रंग पुढील पिढीत विखुरला जाईल.

फसवे यश ओळखावे कसे

संकराच्या प्रयोगात सर्वांत मोठा धोका अपयशाचा नसून खोट्या यशाचा असतो. हिमसह जास्वंद स्वतःच्याच परागाने सहज बोंड धरते. परागकोश न काढता तिच्यावर उष्णदेशीय जास्वंदीचा पराग टाकला, तर बोंड धरेल, बीही येईल आणि दूरचा संकर साधला, असा समज होईल. प्रत्यक्षात ती रोपे केवळ आईची लेकरे असतील. म्हणून दोन दक्षता घ्याव्यात. काही कळ्यांचे परागकोश काढून, त्यांवर पराग न टाकता त्या नुसत्याच बांधून ठेवाव्यात. त्यांनाही बोंडे धरली, तर आपल्या पद्धतीत कोठेतरी त्रुटी आहे, हे समजावे. दुसरी दक्षता अशी, की रोपात पित्याचा एखादा स्पष्ट गुण, म्हणजे पानाचा आकार, खोडाची ठेवण वा फुलाचा रंग, दिसल्याखेरीज संकर झाला असे म्हणू नये. पुरावा मागण्याची ही सवय मुलांना लागली, तर प्रयोगाचे सार्थक झाले, मग फूल कोणत्याही रंगाचे येवो.

हीच सवय खरेदी करताना उपयोगी पडते. आकाशासारख्या निळ्या जास्वंदीची छायाचित्रे दाखवून बियाणे विकले जाते. जास्वंदीत जांभळट-निळसर छटा आहेत, पण असा निळा रंग नाही. नावाजलेल्या संकरित वाणाचे बी घेऊन तोच रंग मिळेल, हेही खरे नव्हे. सार्वजनिक पैशातून जास्वंद घ्यावयाची असेल, तर फुलावर आलेली कलमी रोपे प्रत्यक्ष पाहूनच घ्यावीत.

मूळ जातींची राखण

नव्या रंगांच्या कौतुकात मूळ जातींचा विसर पडू नये. ज्या हवाई बेटांनी जगाला संकरित जास्वंद दिली, तेथीलच पिवळ्या फुलांची ‘हिबिस्कस ब्रॅकनरिजी’ ही रानजाती १९८८ मध्ये राज्याचे फूल ठरली आणि १९९४ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त जातींत करावी लागली. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ‘हिबिस्कस डॅसिकॅलिक्स’ या हिमसह जातीला २०१३ मध्ये संरक्षण देण्यात आले. शेजारच्या जातींशी होणारा संकर हाही तिच्यापुढील धोक्यांपैकी एक आहे. बागेत वरदान ठरणारा संकर रानात मूळ जाती पुसून टाकण्यासही कारण होऊ शकतो.

आपल्याकडेही कोकणच्या खाडीकाठी सकाळी पिवळी आणि सायंकाळी तांबूस होणारी फुले देणारा बेलपाट आहे; बांधांवर अंबाडी आहे; माळरानांत व झुडपांत रानभेंडीच्या जाती आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीत पिके व औषधी वनस्पती यांबरोबरच पिकांच्या या रानटी आप्तांचीही नोंद व्हावी. कोणती जाती कोणत्या शिवारात आहे, ती केव्हा फुलते, गावात तिला काय म्हणतात, एवढी माहितीही मोलाची ठरते. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे या कामी मोठे साहाय्य होऊ शकेल.

दोन घराण्यांना जोडणारी जास्वंद उद्या एखाद्या प्रयोगशाळेत फुलेलही. तोवर प्रत्येक शाळेने एकाच घराण्यातील दोन झाडे निवडावीत, एक कळी बांधावी, एक चिठ्ठी लिहावी आणि दोन वर्षे वाट पाहावी. त्या झाडावर उमललेले फूल जगात त्यापूर्वी कोठेही उमललेले नसेल. ते कसे घडले, हे ज्या मुलांना सांगता येईल, तीच पुढे शेतातील बियाण्याविषयी योग्य प्रश्न विचारतील.